डिफेन्डरचा सपाट पत्रा

सप्टेंबर २०११ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर कंपनीनं डीसी१०० नावाच्या दोन नमुना गाड्या मांडल्या. एक टपाची, दुसरी बिनटपाची पिवळी. गुळगुळीत कडा, भलीमोठी चाकं, आत टचस्क्रीन वगैरे. पुढची डिफेन्डर काहीशी अशी असेल, असा त्याचा अर्थ. जुन्या डिफेन्डरवाल्यांच्या पोटात गोळा आला तो तेव्हा. यात मेंढ्या कुठे घालायच्या, चिखलाचे बूट घालून बसायचं कसं, आतून पाइपनं धुतली तर चालेल का, आणि मुख्य म्हणजे रानात बंद पडली तर उघडून बघता येईल का, असे सगळे प्रश्न सुरू झाले. कंपनीचे डिझाइनप्रमुख जेरी मॅकगव्हर्न यांचं म्हणणं असं की जुन्याची नक्कल काढत बसायचं नाही, एकविसाव्या शतकाची गाडी करायची. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम.

आता तुम्ही म्हणाल की इंग्लंडातल्या शेतकऱ्याच्या गाडीचं आपल्याला काय? एक म्हणजे २००८ साली टाटांनी ही कंपनी फोर्डकडून (जॅग्वारसकट) २३० कोटी डॉलरना घेतली, तेव्हा या सगळ्या भांडणात अंतिम मालक आपल्या मुंबईचे होते. दुसरं म्हणजे मी सॉफ्टवेअरवाला आहे. चालू असलेली जुनी सिस्टिम फेकून नवी लिहायची का, आणि तसं केल्यावर जुने वापरणारे का चिडतात, हा आमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. त्यावर जगात झालेलं सगळ्यात मजेदार भांडण मला हेच वाटतं.

हे भांडण बहुतेक ठिकाणी 'देखणेपणा विरुद्ध उपयुक्तता' असं रंगवलेलं दिसतं. माझ्या मते त्यात गफलत आहे. ती समजायला १९४७ सालात जावं लागतं.

युद्ध नुकतंच संपलं होतं. रोव्हर कंपनी त्याआधी साहेबी थाटाच्या मोटारी बनवायची. आता तिचा मुक्काम सॉलिहलच्या लोड लेन कारखान्यात होता. हा कारखाना मूळचा सरकारनं युद्धकाळात विमानांच्या इंजिनांसाठी उभारलेला. पोलादाची टंचाई होती आणि पोलादाचा कोटा निर्यात करणाऱ्याला आधी मिळायचा. रोव्हरच्या जुन्या मोटारींना परदेशात फारसं गिऱ्हाईक नव्हतं. कंपनीचे मुख्य इंजिनियर मॉरिस विल्क्स यांची वेल्समध्ये अँगलसी बेटावर शेतीवाडी होती आणि तिथे ते लष्करानं विकायला काढलेली एक अमेरिकन जीप वापरत. भावानं (म्हणजे स्पेन्सर विल्क्स, कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर) विचारलं की ही मोडली की काय करशील? तर मॉरिसनी उत्तर दिलं की दुसरी जीप घेईन, दुसरं आहे काय बाजारात! अशी गोष्ट सांगतात. मग रेड व्हार्फ बेच्या वाळूवर काठीनं रेघोट्या मारून त्यांनी भावाला गाडीचा आकार दाखवला म्हणे.

पहिला नमुना तर चक्क जीपच्या चासीवर बांधलेला होता. स्टिअरिंग मधोमध, म्हणजे डावं-उजवं असे दोन प्रकार करायला नकोत! (कल्पना ऐकायला बरी, चालवायला वाईट. ती लगेच सोडून दिली.) पण पुढचं खरं महत्त्वाचं. कंपनीजवळ पत्र्याला गोलाई देणारे मोठे प्रेस आणि डाय घ्यायला पैसे नव्हते. मग ठरलं की पत्रा सपाटच ठेवायचा, हातानं वाकवता येईल तेवढंच वाकवायचं. पोलाद मिळत नव्हतं, पण युद्ध संपल्यामुळे विमानांचं अ‍ॅल्युमिनियम मुबलक होतं. म्हणून बॉडी बर्माब्राइट नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. चासीसुद्धा पोलादी पट्ट्या वेल्ड करून चौकोनी पेटीसारखी केलेली, कारण तिलाही प्रेस लागत नाही. रंग हिरवाच, कारण विमानाच्या कॉकपिटला लावायचा हिरवा रंग उरलेला होता. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली. कंपनीचा अंदाज असा, की मोटारींचा धंदा पूर्ववत होईपर्यंत दोनतीन वर्षं हिच्यावर भागवू. ती दोनतीन वर्षं पुढे अडुसष्ट झाली.

म्हणजे बघा, ज्या चौकोनी रूपावर पुढे लोक जीव ओवाळून टाकायला लागले, ते कुणा कलावंतानं काढलेलंच नव्हतं. गरिबीत जे जमलं ते झालं. पण त्यातून एक गोष्ट नकळत साधली गेली, ती मला सगळ्यात मोठी वाटते. जो पत्रा कारखान्याला प्रेसशिवाय करता येतो, तो गिऱ्हाइकालाही प्रेसशिवाय सरळ करता येतो. कारखान्यात जी बॉडी नटबोल्टनं जोडली, ती केनियातल्या गोठ्यामागे नटबोल्ट काढून वेगळी करता येते. मडगार्ड चेपलं तर बोल्ट काढा, नवं लावा, नाहीतर हातोडीनं ठोका आणि पुढे चला. कारखान्याची कुवत आणि मालकाची कुवत जवळपास एका पातळीवर होती. अशी गाडी नुसती विकत घेतलेली राहत नाही, ती कळलेली असते.

आपल्याकडे खेडोपाडी महिंद्राच्या जीपा चालल्या त्या याच गुणावर. तालुक्याच्या गावी कुठलाही मिस्त्री पाना घेऊन तिच्याखाली शिरू शकायचा. लँड रोव्हरचा जगात दबदबा झाला तो अशाच मिस्त्र्यांच्या जिवावर. १९५५ साली ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सहा पोरांनी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूर गाठायची मोहीम काढली. वाटेत आपला देश ओलांडला, पुढे आसामातून ब्रह्मदेशात उतरले आणि १९५६ मध्ये सिंगापूरला पोचले. तेवढ्या वाटेवर काय काय तुटलं असेल ते तुटलं असेल, रस्त्याकडेला दुरुस्त झालं.

असो. मुद्दा असा की मालकांना ज्याची भीती वाटत होती ते सौंदर्य नव्हे. भीती होती ती गाडी कळेनाशी होण्याची.

पण गंमत अशी आहे की 'खरी लँड रोव्हर' म्हणून जी डोळ्यांपुढे येते, तीही सुधारून देखणी केलेलीच आहे! १९५८ च्या सीरीज टू मॉडेलला कंपनीच्या डेव्हिड बाश या डिझायनरचा हात लागला. चाकांमधलं अंतर वाढलं होतं, ते झाकायला त्यानं दाराखाली कमरेशी पत्र्याला किंचित फुगवटा दिला. तो फुगवटा २०१६ पर्यंत टिकला आणि आज जुने लोक त्यालाच अस्सल म्हणतात. त्याआधीची सीरीज वन शेजारी उभी करून बघा, ती खरोखर नुसती पेटी दिसते. मग साठच्या दशकाच्या शेवटी काही देशांच्या कायद्यांमुळे हेडलाइट मधून उचलून मडगार्डवर आले. १९७१ च्या सीरीज थ्रीला पुढची लोखंडी जाळी जाऊन प्लॅस्टिकची आली. आधीची जाळी काढून तिच्यावर मांस भाजता यायचं असं गमतीनं सांगतात, ती सोय गेली! १९८३ मध्ये पाट्याच्या स्प्रिंगा जाऊन रेंज रोव्हरसारख्या गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. कंपनीनं सावधपणे पाट्यावाली सीरीज थ्रीसुद्धा १९८५ पर्यंत बरोबर चालू ठेवली, म्हणजे ज्याला नवं नको त्यानं जुनं घ्यावं. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना इंटरफेस बंद करण्याआधी दोन वर्षं दोन्ही चालवले. शहाणपणाचं काम. 'डिफेन्डर' हे नावही मूळचं नाही. १९८९ मध्ये डिस्कव्हरी नावाची नवी गाडी आली, मग नुसतं लँड रोव्हर म्हटलं की कुठली असा घोळ व्हायला लागला, म्हणून १९९० पासून हे नाव.

या सगळ्यात मला दोन बदल विशेष वाटतात. दोन्हींत गाडी बाहेरून जवळजवळ होती तशीच राहिली.

पहिला १९९८ चा. त्या वर्षी टीडी५ नावाचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन आलं. आधीच्या ३०० टीडीआयचं काम सगळं यांत्रिक. इंजिन एकदा चालू झालं की बॅटरी काढून ठेवली तरी फारसं बिघडत नसे. टीडी५ च्या इंजेक्टरांवर कॉम्प्युटर बसला. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांनी तेव्हाच ओरड केली होती, की सहारात याचं काय करायचं? कंपनीनंही काही लष्करी आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी जुनं इंजिन चालू ठेवलं. टीडी५ तसं दणकट निघालं. पण तिचा एक रोग प्रसिद्ध आहे. इंजेक्टरच्या वायरिंगमधून इंजिन ऑइल केशाकर्षणानं हळूहळू वर चढतं आणि वायरीवायरीनं प्रवास करत सीटखाली ठेवलेल्या कंट्रोल युनिटच्या तांबड्या प्लगपर्यंत पोचतं. गाडी अडखळायला लागते. मालक इंजिनात बघतो, दोष सीटखाली! उपाय सोपा आहे, प्लग पुसायचा आणि वायरिंगचा तो तुकडा बदलायचा. पण उपाय सोपा असणं आणि रोग डोळ्यांना दिसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. डीबगिंग करणाऱ्या कुणालाही हे पटेल.

दुसरा बदल २००७ चा. जुन्या गाडीला पुढच्या काचेखाली दोन झडपा होत्या. आतला खटका ओढला की झडप उघडून बाहेरचा वारा (आणि बाहेरचे किडे) सरळ तोंडावर. याहून साधा एसी जगात नसेल. २००७ मध्ये फोर्डचं ट्रान्झिट व्हॅनमधलं इंजिन आलं, ते उंच म्हणून बॉनेटला उंचवटा आला, नवा डॅशबोर्ड आणि हीटर आला आणि झडपा गेल्या. पण काचेखालचा पत्रा त्याच जुन्या डायवर निघत होता. म्हणून झडपांचे चौकोन पत्र्यावर तसेच उमटत राहिले. उघडत काही नाही, नुसता ठसा. वीस वर्षं जुन्या प्रोग्रॅममध्ये कुणी तरी कॉमेंट करून ठेवलेलं फंक्शन दिसतं ना, अगदी तसं. त्याच वर्षी युरोपातल्या नियमांमुळे मागच्या समोरासमोरच्या आडव्या सीटाही गेल्या. आपल्या वडापच्या जीपमधून प्रवास केलेल्याला त्या सीटांचं महत्त्व सांगायला नको.

म्हणजे २०११ मध्ये ज्याची भीती वाटली, ते घडायला बॉनेटखाली तेरा वर्षांपूर्वीच सुरुवात झाली होती. रूप जुनं होतं म्हणून ते तितकंसं जाणवलं नाही. नवं रूप समोर आल्यावर सगळा साठलेला राग त्या रूपावर निघाला.

आता जुनीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही आरती व्हायची. जुनी डिफेन्डर चालवायला त्रासदायक होती. दार सीटला इतकं चिकटून की कोपर ठेवायला काच खाली करावी लागे. पाणी आत यायचं, तेल बाहेर जायचं. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या चौकटीला टेकतो तिथे ओलाव्यात गंज खायचा. एअरबॅग तिला शेवटपर्यंत नव्हती. अमेरिकेत एअरबॅगची सक्ती आली तेव्हा १९९७ नंतर तिथली विक्री थांबवावी लागली. आणि ज्यांच्या नावानं हा सगळा उमाळा, ते दूरदेशीचे शेतकरी तर फार आधी दुसरीकडे गेले होते. ऑस्ट्रेलियात स्नोई माउंटन्सच्या धरणांच्या कामावर पन्नासच्या दशकाच्या अखेरीस लेस्ली थीस या कंत्राटदारानं टोयोटा लँड क्रूझर आणल्या. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागात लँड क्रूझरनं लँड रोव्हरला मागे टाकलं. ब्रिटिश लेलँडच्या काळात इंजिनाची ताकद कमी पडायची, मालाचा दर्जा घसरला होता. त्या शेतकऱ्यानं नव्या रूपाला घाबरून गाडी सोडली नाही. सकाळी चालू होणारी गाडी मिळाली, म्हणून सोडली.

२९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहलला शेवटची डिफेन्डर लाइनवरून उतरली. १९४८ पासूनच्या सगळ्या धरून वीस लाखांच्या वर गाड्या झाल्या. सातशेच्या आसपास आजीमाजी कामगार त्या दिवशी जमले होते. पहिल्या गाड्यांपैकी एकीचा नंबर एचयूई १६६ होता, म्हणून शेवटचीला नंबर एच१६६ एचयूई. कापडी टपाच्या त्या शेवटच्या गाडीत टपाची दोरी अडकवायचा आकडा होता, तो १९४८ पासून न बदललेला भाग! अडुसष्ट वर्षं एक पार्ट न बदलता. माझं स्वतःचं कुठलंही काम अडुसष्ट महिने टिकलेलं नाही.

१० सप्टेंबर २०१९ रोजी पुन्हा फ्रँकफर्टलाच नवी डिफेन्डर दाखवली. बनते स्लोव्हाकियातल्या नित्र शहरात. वेगळी चासी नाही, सगळी एकसंध अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. जुनी अर्धा मीटर पाण्यातून जायची, ही ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते. सुरक्षेच्या युरोपियन चाचणीत २०२० मध्ये पाच तारे. २०२१ मध्ये 'वर्ल्ड कार डिझाइन ऑफ द इयर'. आणि आत ऐंशीच्या वर कंट्रोल युनिट, सॉफ्टवेअर हवेतून अपडेट होणारं. इंग्लंडमध्ये किंमत ४५,००० पौंडांच्या पुढून सुरू झाली, भारतात २०२० मध्ये आली ती सत्तर लाखांच्या घरात. काही वर्षांतच ती वर्षाला लाखाच्या वर खपायला लागली. जुन्या डिफेन्डरनं तिच्या शेवटच्या काळात असे आकडे स्वप्नातही पाहिले नव्हते.

म्हणजे चालण्यात, खपण्यात, माणसं वाचवण्यात नवी सरस आहे, यावर माझा काही वाद नाही. पण जुन्याच्या खुणा तिनं कशा घेतल्या ते बघा. टपाच्या कडेला आकाशाकडे बघणाऱ्या छोट्या खिडक्या आहेत. मागचं चाक दारावर टांगलेलं आहे. बॉनेटवर पूर्वी मालक अ‍ॅल्युमिनियमचा खवल्याखवल्यांचा जाड पत्रा ठोकायचे, वर उभं राहता यावं म्हणून. नवीवर त्या जागी तसाच दिसणारा काळा प्लॅस्टिकचा तुकडा आहे. बाजूनं पत्रा सपाट दिसतो, पण तो आता डिझायनरनं मुद्दाम सपाट ठेवलेला आहे. विल्क्सचा सपाट पत्रा नाइलाज होता आणि म्हणून तुमच्या हातोडीला कळत होता. हा सपाटपणा नुसता बघायचा.

योगायोग असा, की नवीवरचा पडदा उघडला त्या सप्टेंबरमध्ये १९५५ च्या मोहिमेतली 'ऑक्सफर्ड' नावाची लँड रोव्हर पुन्हा रस्त्यावर होती. मधली बरीच वर्षं ती सेंट हेलेना बेटावर पडून होती, तिथून आणून दुरुस्त केली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरहून उलट लंडनला निघाली. १४ डिसेंबरला पोचली. चौसष्ट वर्षांची गाडी. नव्या डिफेन्डरमधलं एखादं कंट्रोल युनिट २०८३ साली कुठल्या दुकानात मिळेल, असा प्रश्न जुन्या मालकांनी विचारला तर त्याला रडगाणं म्हणू नये.

पुढचा भाग कोर्टातला, आणि मला तो फार आवडतो. ब्रिटिश अब्जाधीश जिम रॅटक्लिफ यांनी जुनी डिफेन्डर आपण बनवतो म्हणून कंपनीकडे विचारणा केली होती, नकार मिळाला. तेव्हा त्यांनी स्वतःच्या इनिऑस कंपनीतर्फे तसलीच चौकोनी गाडी काढायचं ठरवलं. लंडनच्या ज्या पबमध्ये हे ठरलं त्याचंच नाव गाडीला, ग्रेनेडियर. इकडे जॅग्वार लँड रोव्हरनं जुन्या डिफेन्डरच्या आकाराचा ट्रेडमार्क मिळवायला अर्ज केला. जो आकार आपण बंद केला तो दुसऱ्यानं काढू नये म्हणून! २०१९ मध्ये ब्रिटनच्या ट्रेडमार्क कार्यालयानं तो फेटाळला आणि ऑगस्ट २०२० मध्ये हायकोर्टानं तोच निर्णय कायम केला. आशय असा, की या आकारातले बारकावे जाणकारांना मोठे वाटत असतील, पण सामान्य गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येणार नाहीत. ज्या मालकांनी झडपांचा ठसा दुरून ओळखला, त्यांच्या डोळ्यांची कायद्याच्या लेखी किंमत ही एवढी.

ग्रेनेडियर ऑक्टोबर २०२२ पासून फ्रान्समधल्या हाम्बाख इथे, स्मार्ट गाड्यांच्या जुन्या कारखान्यात बनायला लागली. वेगळी शिडीसारखी चासी, अखंड अ‍ॅक्सल, हातमोजे घालूनही दाबता येतील असे मोठाले खटके. इंजिन मात्र बीएमडब्ल्यूचं, म्हणजे लॅपटॉप जोडल्याशिवाय त्याच्याशी बोलता येत नाही. किंमतही अशी की मेंढपाळानं लांबून बघावी. तो बिचारा केव्हाच हायलक्स नाहीतर इसुझूचा पिकअप घेऊन मोकळा झालाय. सप्टेंबर २०२४ मध्ये या साध्यासुध्या, कुठेही दुरुस्त होणाऱ्या गाडीचं उत्पादन बंद पडलं. कारण सीटा. सीटा पुरवणारी रेकारो ही जर्मन कंपनी दिवाळखोरीत गेली होती. काही महिने गाड्या बनल्याच नाहीत, आणि २०२५ च्या जानेवारीत सीटांची सोय झाल्यावर लाइन पुन्हा सुरू झाली.